एक एकर, पाच कुंड्या

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी नाशिकच्या आमच्या घरात मी एका शेतकऱ्याची वाट बघत होते… आणि तो येऊ नये असंही वाटत होतं.

कारण मी खोटं बोलले होते. तेसुद्धा लेखी.

कळवणला माझा मावसभाऊ संदीप टोमॅटो लावतो. जुलैत त्याने मला पाच रोपं दिली. गच्चीवर पाच कुंड्यांत ती छान वाढली. कमरेपर्यंत आली, फुलं धरली… आणि खालची पानं पिवळी पडू लागली.

मला वाटलं, खत कमी पडतंय. खत घातलं. मग वाटलं, पाणी कमी पडतंय. रोज संध्याकाळी पाइपने वरून भरपूर पाणी घातलं. पानं आणखी पिवळी पडली. त्यांच्यावर तपकिरी ठिपके आले.

संदीपला फोटो पाठवला. तो कामात होता. त्याने मला त्यांच्या टोमॅटोवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं आणि मोकळा झाला.

ग्रुपवर पानाचा जवळून काढलेला फोटो टाकला. लगेच प्रश्न आले. लागवड कधीची? सांगितलं. व्हरायटी कोणती? संदीपला विचारून सांगितलं. क्षेत्र किती?

वर सगळे दोन एकर, चार एकर लिहीत होते. मी ‘पाच कुंड्या’ लिहिलं. पुसलं. ‘एक एकर’ लिहिलं.

त्यावर टाळ्याच टाळ्या आल्या. ताई स्वतः शेती करतात, अभिमान वाटतो वगैरे… आणि खाली ग्रुपमधल्या एका जुन्या शेतकऱ्याचा, निवृत्तीनानांचा मेसेज. “करपा दिसतोय. रविवारी नाशिकला येणार हाय. प्लॉट बघतो.”

तिकडे ही पद्धतच आहे. एखाद्याच्या प्लॉटवर रोग आला की जाणता माणूस बघायला जातो. बोलवावं लागत नाही. नको म्हणता येत नाही.

मी संदीपला फोन केला. तो आधी मिनिटभर हसला.

“आता भोग. चहा तेवढा कडक ठेव. नानाला पांचट चालत नाय.”

नाना आले. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पाणी प्यायले आणि उठले.

“चला ताई. प्लॉट किती लांब हाय?”

“वर आहे.”

“वर म्हंजे?”

“गच्चीवर.”

जिना दोन मजल्यांचा आहे. पहिल्या वळणावर मी सांगून टाकलं… नाना, एकर नाही. पाच कुंड्या आहेत. मला लाज वाटली म्हणून तसं लिहिलं.

ते कठड्याला हात धरून थांबले. हा माणूस आता खाली वळणार, अशी माझी खात्री झाली. त्यात नवल नव्हतं.

“झाडं तर हायेत ना?” ते म्हणाले, आणि चढू लागले.

गच्चीच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, फरशी तापली आहे. “नाय. माझ्याकडंबी करपा हाय. पायातनं यायचा तुमच्यात.” मग नळावर साबणाने हात धुतले. मगच कुंड्यांपाशी आले.

माझ्या पाच कुंड्यांना प्लॉटसारखं वागवणारे ते पहिलेच. मीसुद्धा तसं वागवलं नव्हतं.

ते उकिडवे बसले. एक पान उलटं केलं, सुलटं केलं, मला दाखवलं. ठिपक्यात एकात एक गोल होते… लाकूड कापल्यावर दिसतात तसे. भोवती पिवळी कड. हा करपा. बुरशी आहे. मातीतून खालच्या पानांवर येते आणि वर चढते.

मग त्यांना कुंडीत माती दिसेना. झाडाची गळलेली पानं मी गोळा करून त्याच कुंडीत पसरत होते. कचरा नको, झाडाचं झाडाला… याचा मला अभिमान होता.

नानांनी त्यातलं एक पान उचललं. मग हसले.

“आजाऱ्याचं पांघरूण धुतलं नाय, वर त्यालाच पांघरलं की हो ताई!”

तासभर आम्ही काम केलं. रोगट पानं कात्रीने काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि कचऱ्यात टाकली. प्रत्येक झाडानंतर कात्री पुसायची. मातीवर स्वच्छ वाळकं गवत. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर थेंब नको. वर नानांनी आपल्या कापडी पिशवीतून काढलेल्या कॉपरच्या औषधाचा फवारा… पाकिटावर लिहिलंय तेवढाच, आणि पाकिटावर दिलेले दिवस सरेपर्यंत फळ तोडायचं नाही.

कोपऱ्यातलं झाड अगदी उघडं पडलं होतं. ते वाचेल का, विचारलं. “सांगता येत नाय. पण उपटू नका.”

मग दोन कप चहा झाला.

संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, नाना, ताईंचा प्लॉट कसा वाटला? नानांनी लिहिलं, “बघितला. रोग आटोक्यात येईल. ताई कष्टाळू हायेत.” क्षेत्राबद्दल अक्षर नाही.

तिथे सगळं मिटलं असतं. पण नानांनी माझी लाज झाकली, हे मला रोज पाणी घालताना आठवायचं…

काल पहिला तोडा झाला. नऊ टोमॅटो. ताटलीत मांडून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘क्षेत्र: पाच कुंड्या. आधी खोटं लिहिलं होतं. माफ करा.’

फोन उलटा ठेवून मी भाजी निवडत बसले.

मग एक मेसेज. “ताई, क्रेट पाठवू का? नऊला एक पुरंल ना?” दुसरा, “गाडी कधी भरायची?” पुढे हसण्याची रांग लागली. मीही हसले… एकटीच, भाजी हातात धरून.

शेवटी नाना. “कोपऱ्यातलं कसं हाय?”

वर गेले. दाराशी चपला काढल्या. कोपऱ्यातल्या झाडाला शेंड्याकडे नवी पानं आली होती, आणि दोन पिवळी फुलं.

फोटो पाठवला आहे, नाना. पुढच्या वेळी कापडी पिशवी रिकामी आणा.