दादाची अमावास्येची पंगत

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत मुलींना बेरजा घालून देत होते. त्याच्या कापसाच्या जिनातला जुना मुकादम दारात येऊन उभा राहिला. पागोटं काढून हातात धरलं आणि म्हणाला, "बाई, मालक गेले. इंजिनाची पूजा करता करता खाली बसले, ते उठलेच न्हाईत." मी फळा पुसला, मुलींना घरी पाठवलं आणि त्याच्याच बैलगाडीतून जवळा बाजारला निघाले. वाटेत पोटभर रडले. सख्खा थोरला भाऊ होता. आई गेल्यावर मला त्यानं वाढवलं, मुलीच्या जातीनं शिकून काय करायचं असं सगळे म्हणत असताना शिकवलं. ते रडू खरं होतं. किळस आली ती नंतर, शोकसभेत.

सभेत कापसाचे व्यापारी बोलले, देवस्थानाचे पंच बोलले. "कामगारांचे मायबाप गेले," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "बळवंतरावांच्या जिनात तक्रार हा शब्द कधी कुणी ऐकला नाही." लोकांनी माना हलवल्या. पदर तोंडाला लावून मी बाहेर आले. लोकांना वाटलं बहीण आहे, आवरेना बिचारीला. मेलं म्हणजे माणूस चांगलं होतं, ही आपली जुनी रीत. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी दादाच्या आठवणी लिहून मागितल्या आहेत, तर ज्या आहेत त्या लिहिते. आपलेच दात, आपलेच ओठ... तरी लिहिते.

दादानं जिन घातलं तेव्हा मी नुकती लग्न होऊन हिंगोलीला गेले होते. तेलावर चालणारं एक इंजिन, कापसातली सरकी वेगळी करणारे काही रेचे, आणि इंजिनाची ओढ रेच्यांपर्यंत नेणारा लांबलचक चामडी पट्टा. रेच्यांवर कापूस टाकायला बायका. बाकीचे जिनवाले मजुरांना अरे-तुरे करत, हाकलून देत. दादा तसा नव्हता. त्याला प्रत्येकाचं नाव ठाऊक, प्रत्येकीचं पोरगं कितवं ते ठाऊक. कुणाच्या लेकीचं लग्न असलं की हा मांडवात उभा. "आपलं जिन न्हाई, घर हाय," असं तो म्हणायचा, आणि त्याला ते मनापासून वाटायचं. तो दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाला निदान शिव्या देता येतात.

अमावास्येला जिन बंद असायचं. इंजिनाला हळदकुंकू, नारळ, मग अंगणात सगळ्यांना जेवण. गोडधोड, वर तूप. आदल्या दिवशी मी हिंगोलीहून स्वयंपाकाला जायची. घर म्हणायचं, पण पंगती जातवार बसत, आणि काही जण तर भिंतीपलीकडे बसत. तिकडे वाढायला दादा कधी गेला नाही. इकडे मात्र तो कमरेला उपरणं बांधून स्वतः वाढायचा, आणि घास तोंडात गेले, तूप बोटांवरून ओघळायला लागलं, की पंगतीच्या मधोमध उभा राहून विचारायचा, "बोला, कुणाची काही तक्रार? काही तकलीफ? आज मी मालक न्हाई, घरचा माणूस हाय." आता मला सांगा, ज्याचं जेवतोय त्याला जेवता जेवता नावं कोण ठेवील? आपल्या लोकांत पानावर बसून मीठ कमी आहे म्हणायचीसुद्धा चोरी. "न्हाई मालक, समदं बराबर हाय," अशी एका सुरात उत्तरं यायची. दादा समाधानानं हसायचा आणि पुढच्या अमावास्येपर्यंत विषय मिटायचा. एरवी कुणी काही सांगायला गेलं की म्हणायचा, "पंगतीत विचारलं तवा काहून न्हाई बोललास?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड पुरणपोळीनं दाबलेलं. सरकारी अंमलदार जिन तपासायला यायचा तोही नेमका अमावास्येला. पोटभर जेवायचा, पान खायचा, आणि जिन बघायचं त्याचं राहून जायचं.

या सगळ्यात एकदाच एक बाई बोलली. शेवंता तिचं नाव, औंढ्याकडची, नवरा वारलेला, दोन लेकरं. तिनं हातातला घास पानावर परत ठेवला, हे मी वाढता वाढता पाहिलं. ती म्हणाली, "दादा, पट्ट्याला फळ्या ठोका ना. उघडाच फिरून राहिला. जाता येता पदर वढतो." दादाला राग आला नाही. राग आला असता तर पुढे काही झालंही असतं. तो हसला आणि म्हणाला, "काहून भिऊन राहिली गं? म्या हाय ना इथं." सगळे हसले. पंगतीत मालक हसला की हसावं लागतं. मग तिच्या शेजारची बाई तिला कोपर मारून म्हणाली, "जेव गुमान, अन्नावर बसून काय ह्ये."

त्याच हंगामात पट्ट्यानं तिचा पदर ओढला. तो सोडवायला गेला तिचा उजवा हात, आणि बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. दादानं तिला स्वतःच्या बैलांच्या दमणीतून हिंगोलीला दवाखान्यात नेलं, उशाशी बसला, रडला. मी तिथंच होते, ते रडणंही खरं होतं. मी म्हणाले, "दादा, आता तरी फळ्या ठोक." तो डोळे पुसत म्हणाला, "आता ठोकल्या तर लोक म्हणतील माझी चूक होती. घरात लागलं-खुपलं तर कुणी पंचाईत बसवतं का?" त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा शिसारी आली आणि ती पुन्हा कधी गेली नाही.

बरी झाल्यावर शेवंता अमावास्येला आली. पान वाढलं. उजव्या हातानं तिला घास धरता येईना, आणि चारचौघांत डाव्या हातानं जेवायचं कसं? बायका जरा सरकून बसल्या. दादा मोठ्या मायेनं सगळ्यांदेखत म्हणाला, "डाव्या हातानं खा पोरी, कुणी बोललं तर म्या बघतो." ती पानावर नुसती बसून राहिली, आणि पंगत उठल्यावर गेली ती पुन्हा आली नाही. म्हणजे तक्रार विचारायची जागा एकच, आणि तिथं बसायचीच तिला सोय उरली नाही. दादा म्हणायचा, "लेकरावानी जपलं, तरी फुगून बसली." मग दर अमावास्येला माझ्या हातून तिच्या घरी ताट धाडायचा, आणि धाडतो म्हणून गावभर सांगायचा. मी ताट घेऊन गेले की शेवंता म्हणायची, "ठेवा तिथं बाई. शेळीला चालतं."

तेराव्याचं जेवण जिनाच्या अंगणातच झालं. दादाचा मुलगा वसंता आता मालक. कमरेला उपरणं बांधून तो वाढत होता, आणि अर्ध्या जेवणात मधोमध उभा राहून त्यानं विचारलं, "कुणाची काही तक्रार?" समदं बराबर हाय, असं सगळे म्हणाले. मी म्हणाले, "माझी आहे. पट्ट्याला फळ्या ठोक." वसंता हसला. "आत्या, आज तरी नको. जेवा. आत्याला बासुंदी वाढा रे," तो म्हणाला.

मी भरल्या ताटावरून उठले.

भटजी घाबरले. "ताई, बसा. तेराव्याला सख्खी बहीण उपाशी उठली तर गेलेल्याला गती मिळत नाही." मी हात धुतले आणि चालू लागले. मागे वहिनी हंबरडा फोडून रडत होती, आता ते जिनातच घुटमळत राहतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी वसंतानं सुतार बोलावला. पट्ट्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या ठोकल्या आणि मला निरोप धाडला, आत्या, मनात काही ठेवू नका, दादांना मोकळं करा. जित्या बाईची बोटं गेली तेव्हा ज्या फळ्या मिळाल्या नाहीत, त्या मेलेल्या माणसाच्या गतीसाठी एका दिवसात मिळाल्या. हे लिहितानाही मला किळस येते आहे.

शेवंताला सांगायला मी गेले होते. ती अंगण शेणानं सारवत होती, डाव्या हातानं. ऐकून घेतलं, आणि विचारलं, "कोन्या लाकडाच्या हाईत?"

"आंब्याच्या," मी म्हणाले.

"आंबा किडतो बाई. दोन पावसाळ्यात भुसा व्हईल. सागाच्या ठोकाया सांगा."

मी वसंताला सांगितलं आहे. जिनाच्या दारात उभं राहून, बायका कामावर येत असताना, त्याच्या घरचं पाणीसुद्धा न घेता.