सारवलेली भेग

शनिवारी सकाळी मी डोंगरावर उभा होतो आणि भेग सापडत नव्हती.

ऐन थंडीत अवकाळी पाऊस तीन दिवस झोडपून गेला होता. साक्री तालुक्यातल्या एका पाड्यामागचा डोंगर तडकला, असा फोटो तहसीलदार मॅडमना आला. फोटोतल्या भेगेत हात मावत होता. खाली अकरा घरं. मी भूवैज्ञानिक, म्हणजे दगडांचा डॉक्टर. पेशंट बोलत नाही, एवढाच फरक. आदल्या दिवशी सरपंचांना फोन करून ठेवला आणि शनिवारी पहाटे धुळ्याहून जीपने निघालो.

"भेग कुठे गेली?" मी सरपंच सुमनअक्कांना विचारलं.

"ही काय," अक्कांनी पायाशी बोट दाखवलं. "तुम्ही येनार म्हनीसन काल बुजी टाकी. वरथीन सारवं बी."

खरोखरच शेणामातीचा लांबच लांब पट्टा होता. गुळगुळीत. दोन ठिकाणी रांगोळीचे ठिपकेही. पाहुण्यासाठी अंगण सारवलेलं मी खूप पाहिलंय, डोंगर पहिल्यांदाच पाहिला.

मी कपाळाला हात लावला. नुसती भेग असली म्हणून घाबरायचं कारण नसतं. ती रुंदावत असेल तर मात्र असतं. मुरलेल्या पाण्याने माती जड होते आणि खालच्या खडकावरून घसरते. आता मोजू काय?

"डोंगर सरकतोय की नाही, एवढंच सांगा," मॅडम फोनवर म्हणाल्या.

"आज नाही सांगता येणार."

"मग उद्या सांगा. तोवर लोकांना शाळेत हलवा."

लोक अक्कांच्या तोंडाकडे बघत होते. डोंगराखालचं पहिलं घर त्यांचंच. "तीस वरीस व्हयनात आठे ऱ्हाईसन," त्या म्हणाल्या. "डोंगर कधी हालना नही." झालं, कुणीच हललं नाही. शाळेत मुक्कामाला मी एकटा.

रविवारी उजाडताच मी अक्कांना घेऊन वर गेलो. सारवणात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच चीर होती. खालची बाजू दोन बोटं खचलेली. सारवण वाळून तडकलं तर बारीक जाळी पडते. असं एका रेषेत फाटत नाही. आम्ही लोक भेगेवर प्लास्टरची पट्टी मारून ठेवतो. पट्टी तुटली, की हालचाल चालू आहे असं समजायचं. अक्कांनी नकळत तेच केलं होतं, तेही शंभर पावलं लांबीची पट्टी मारून.

हे समजवायला मी तोंड उघडलं. पण अक्का आधीच खाली वाकून चिरेवरून हात फिरवत होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"मन्हं सारवन आसं कधी फाटत नही," त्या म्हणाल्या. "डोंगरच सरकी ऱ्हायना."

माझ्या पदव्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःच्या हातावर होता. दुपारपर्यंत अकराही घरं शेळ्या-कोंबड्यांसकट शाळेत आली.

मंगळवारी सकाळी डोंगर खाली आला. तीन घरं गेली, त्यात अक्कांचंही. माणूस एकही गेलं नाही. अक्का शाळेच्या ओट्यावर बसून बराच वेळ तिकडे बघत होत्या. मी शेजारी बसलो. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

अहवालात 'वापरलेली उपकरणे' या रकान्यात मी 'शेणमाती' लिहिलं. वरून विचारणा आली. मी खोडलं नाही. फोटोत भेगेच्या आतल्या कडेला गवत उगवलेलं दिसलं होतं, त्यामुळे निघतानाच मी ती जुनी ठरवून टाकली होती. उघडी सापडली असती, तर 'लक्ष ठेवा' एवढं लिहून मी शनिवारीच धुळ्याला जेवायला घरी पोचलो असतो.