मांडवगणातली एक नंबरची बंदूक

एकतीस वर्षं मी बंदुकीच्या कारखान्यात नोकरी केली, पण बंदूक एकदाही उडवली नाही. मी आवक-जावक सांभाळायचो. पोस्टमनला पत्रातला मजकूर जेवढा माहीत असतो, तेवढंच मला बंदुकीतलं कळतं. तरी निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मालकांनी बोलावलं आणि म्हणाले, "कारखान्याचा इतिहास छापायचाय. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा." इतिहास टाइप करून द्यायचा होता, तिथे अक्षराचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

इतिहास तसा सरळ होता. मालकांचे आजोबा पुण्याच्या एका बोळात कुलपं दुरुस्त करायचे. मग एका संस्थानिकाच्या शिकारी बंदुका दुरुस्तीला आल्या, त्या खोलता-जोडता हात बसला, आणि पुढे रीतसर परवाना काढून त्यांनी स्वतःची एकनळी बंदूक घडवली. पिकाची राखण करणारे शेतकरी आणि मेंढरं राखणारे धनगर ही गिऱ्हाइकं. पुढे गिऱ्हाइकं आटली, कारखाना आखडला, आता दुरुस्ती आणि छर्‍याच्या बंदुका एवढंच उरलंय. या सगळ्या इतिहासाचा मुकुटमणी म्हणजे एक नंबरची बंदूक. ती मांडवगण फराट्याच्या एका धनगराने नेली आणि पहिल्याच फटक्यात बिबट्या पाडला. हे वाक्य आमच्या प्रत्येक माहितीपत्रकात असायचं. मी स्वतः ते इतक्यांदा टाइप केलंय की डोळे मिटून करू शकेन.

मालकांना त्या बंदुकीचा, त्या घराण्यासोबतचा फोटो पहिल्या पानावर हवा होता. पण मी निघालो ते खरं म्हणजे लक्ष्मण मिस्त्रींसाठी. मिस्त्री आता शहाऐंशी वर्षांचे. पहिली बंदूक झाली तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि तिचा घोडा (चाप ओढल्यावर काडतुसावर आपटतो तो भाग) त्यांनी घडवला होता. मी निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी खाटेवरूनच माझा हात धरला.

"त्या दिवशी मला भूक लागली होती," ते म्हणाले. "उस्ताद जेवायला गेलेले. घोड्याला पाणी द्यायची मी घाई केली. लोखंड मऊ राहिलं असणार. सत्तर वर्षं कुणाला बोललो नाही. माझ्या मऊ घोड्याच्या भरवशावर एक माणूस जनावरासमोर उभा राहिला. तू एवढंच विचारून ये, चाप ओढल्यावर ती वाजली का."

"अहो, बिबट्या पडलाय तिनं," मी म्हणालो.

"ते तू टाइप केलंस म्हणून," मिस्त्री म्हणाले, आणि कुशीवर वळले.

पत्त्यात तालुका शिरूर होता म्हणून मी शिरूरची एसटी धरली. शेजारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक बिहारी कामगार बसला होता. कारेगावला खोली आणि रांजणगावला नोकरी, असं त्याने लगेच सांगून टाकलं. मी काय करतो म्हणून विचारल्यावर मी म्हणालो, बंदुकीच्या कंपनीत होतो. त्याने बाकीचे शब्द सोडून 'कंपनी' तेवढा उचलला. "अंकल, वेकन्सी है क्या?" मी म्हणालो, आता तिथे मालक आणि तीनच माणसं उरलीत. "कॅन्टीन है?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने आमच्या कंपनीचा विचार सोडला आणि कारेगावपर्यंत माझ्या खांद्यावर झोपला.

कारेगाव गेल्यावर मी कंडक्टरला मांडवगणची गाडी विचारली, तर त्याने कपाळाला हात लावला. "मांडवगणला जायचंय तर शिक्रापूरला उतरायचं, तळेगाव ढमढेऱ्यावरनं गाडी मिळती. तुम्ही शिरूर कशाला धरलं?"

"पत्त्यात शिरूर आहे."

"पत्त्यात महाराष्ट्र पण आसंल की," तो म्हणाला आणि पुढे गेला.

शिरूरला उतरून पोलीस ठाण्यासमोरच्या टपरीवर दोन कप चहा घेतला. ठाण्याची इमारत निवांत न्याहाळली, कारण दुसरं काही करायला नव्हतं. मग न्हावऱ्याकडून जाणाऱ्या जीपमध्ये जागा मिळाली. जागा म्हणजे ड्रायव्हर आणि गिअरच्या मधली. प्रत्येक वेळी गिअर बदलताना ड्रायव्हर "पाय घ्या, साहेब" म्हणायचा, आणि रस्ता असा की त्याला गिअर सारखाच बदलावा लागायचा.

जीपमध्ये बंदुकीचं नाव निघताच सगळे माझ्याकडे वळले. मागून मेथीची जुडी सांभाळत एक बाई म्हणाल्या, "मंग बिबट्याचं काय करताय तुम्ही? उसात बसतोय. माझी शेळी नेली परवा."

मी सांगितलं की बिबट्याला मारणं हा गुन्हा आहे.

"मारायचा कुणी म्हनलं? नुसता आवाज पायजे. आवाजाचा गुन्हा आसतो का?"

पुढच्या अर्ध्या तासात मी कारखान्याच्या वतीने नुसत्या आवाजाची बंदूक काढण्याचा विचार करू असं मान्य केलं आणि तिघांनी आगाऊ नावं नोंदवली. दोन्ही बाजूंनी ऊस उंच उभा होता, मधून रस्ता. बिबट्या खरंच बसला असेल तर हे सगळं त्याच्या कानावर जात होतं.

बिरूआबांचं घर ओढ्याच्या पलीकडे. पहिली बंदूक नेली ती त्यांच्या वडिलांनी. तेव्हा घरात मेंढरं होती, आज ऊस, दोन म्हशी आणि अंगणात ट्रॅक्टर. आबा अठ्ठ्याहत्तरचे, डोक्याला तांबडं मुंडासं, आवाज गावभर जाईल असा. मी कारखान्यातून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं तब्येत. नंतर कळलं, भीती.

"बंदूक न्यायला आलायसा का?" त्यांनी विचारलं.

"फक्त फोटो काढायला."

आबांनी श्वास सोडला. "मग आदी जेवा."

सून सुनंदाबाईंनी शेंगोळी वाढली (हुलग्याच्या पिठाच्या हाताने वळलेल्या कड्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या), सोबत बाजरीची भाकरी. नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि तरी मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. हात धुतल्यावर म्हणालो, "आता बंदूक बघू."

"ती इथं न्हाई," आबा म्हणाले. "ठाण्यात हाय. शिरूरला. निवडणूक लागली न्हवं, जमा केली."

मी ज्या इमारतीकडे बघत दोन कप चहा प्यायलो, तिच्यातच ती होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा नियम मला माहीत असायला हवा होता. आवक-जावकमध्ये ती पत्रं मीच फाइल करायचो.

"कधी परत येईल?"

"निवडणुका सरल्या की." आबांनी बोटं मोजायला घेतली. "लोकसभेला जाती, विधानसभेला जाती. झेडपीला जाती. गावच्या इलेक्शनला तर पयलीच आमची मागत्यात. घरी कवा आसती म्हणाल, तर दसऱ्याला. तवा आनतो पूजेला, जमलं तर."

"माझं लगीन झालं तवापासून मी तिला सात-आठदा पायली आसंल," सुनंदाबाई आतून म्हणाल्या. "पावण्यावानी येती."

मी विचारलं, पहिलीच आबांची का मागतात? आबा ताठ बसले. "गावात बाकीच्या बंदुका काय, चिमण्या हाकलायच्या. आमची म्हंजी जनावर पाडलेली. पंच्याहत्तर मैलांत वचक हाय तिचा. मेंढरं होती तवा एक चोर फिरकला न्हाई वाड्याकडं. आजबी कुणाचा बांधाचा तंटा झाला तर मला मधी बसवत्यात. का? तर घरात ती हाय."

ठाण्यात आहे, हे मी म्हणालो नाही. मी बिबट्याचं विचारलं. आबांनी सुनंदाबाईंना म्हशीकडे पाठवलं. मग खाट माझ्याजवळ ओढली आणि आवाज इतका खाली आणला की मला तो दुसऱ्याच माणसाचा वाटला.

"बिबट्या न्हवता. लांडगा हुता. आन् छापनार नसाल तरच पुढचं सांगतो."

मी छापणार नाही म्हणालो.

"बंदूक आली तवा बानं गावातनं हलगी लावून आनली. दारात आईनं ओवाळली. मग देव्हाऱ्याम्होरं ठेवून पूजा बांधली, दुधातुपाचा अभिषेक केला, बंदुकीला, काडतुसाच्या डब्याला, समद्याला. गुलाल, हळद, सगळं बैजवार. म्या आठ वर्साचा, मला अजून दिसतंय. चौथ्या दिशी पहाटं मेंढरांच्या वाड्यात लांडगा शिरला. बा बंदूक घेऊन धावला. दहा पावलांवर उभा राहिला. चाप वढला."

आबांनी हवेतच बोट वाकवून दाखवलं.

"खट झालं. बस. एवढंच. लांडगा बाच्याकडं बघाय लागला आन् बा बंदुकीकडं. मग लांडग्यानं झेप घेतली आन् बानं बंदूक उलटी धरून दस्ता घातला डोस्क्यात. जागेवर आडवा. दस्ता तडकला, तांब्याची पट्टी मारलीय तिथं. गाव जमलं, म्हनलं, कशानं मारला? बा म्हनला, बंदुकीनं. खोटं काय बोलला?"

"मग कारखान्यात परत का नाही आणली?"

"आन् गावाला काय सांगायचं? हलगी लावून आनलेली बंदूक वाजत न्हाई म्हनून? बानं परत कधी चाप वढला न्हाई, खट झालेलं कुनी ऐकंल म्हनून. सत्तर वर्सं झाली, बानं मला सांगितलं, म्या पोराला सांगितलं, भाईर कुनाला न्हाई. न वाजणाऱ्या बंदुकीचा परवाना दर खेपंला नवा करून आनतो. आन् ठाण्यात जमा करताना हवालदार म्हनतो, आबा, लोड तर न्हाई ना? मी म्हनतो, बगा बाबा, जपून."

मला हसू आलं आणि लगेच मिस्त्री आठवून ते जिरलं. त्यांची शंका खरी होती. दहा पावलांवर लांडगा, हातात त्यांचा मऊ घोडा. हे मी त्या खाटेवरच्या माणसाला जाऊन कसं सांगणार होतो? मी आबांना मिस्त्रींबद्दल सगळं सांगितलं. आबांनी मुंडासं सोडून परत बांधलं.

"वाजली म्हनून सांगा," ते म्हणाले. "आम्ही गावाला सांगतोच की. त्यात एक वाढला."

निघताना त्यांनी मला देव्हारा दाखवला. खंडोबा, बिरोबा, आणि त्यांच्यामध्ये हळदीने माखलेलं एक काडतूस. त्या पहाटेचं, न वाजलेलं. बाकीची चार, पूजा झालेली म्हणून, त्यांच्या वडिलांनी भीमेत सोडली होती. सुनंदाबाई रोज सकाळी या पाचव्याला फूल वाहत होत्या. मी दोन पावलं मागे सरकलो, तिथूनच मोबाइलवर फोटो काढायला लागलो. आबा हसले, काडतूस उचलून हळद पुसली आणि उलटसुलट करून दाखवलं. बंदूक नाही तर नाही, मालकांना निदान हे दाखवता येईल, एवढाच माझा विचार होता.

आबांचा पुतण्या नवनाथ मला दौंडला सोडायला निघाला, कारण तिथून पुण्याची गाडी सोपी. मोटरसायकल असेल असं मी समजत होतो. तो ट्रॅक्टर होता. चाकावरच्या पत्र्यावर बसून, कानाशी ढोलकीची गाणी, समोरून उसाच्या ट्रॉल्या, असा मी भीमेचा पूल ओलांडला. पुलावर वाटलं, खाली कुठेतरी ती चार काडतुसं असतील. दौंडला पोचलो तेव्हा माझी पाठ कामातून गेली होती आणि चेहऱ्यावर इतकी धूळ की फलाटावरच्या रसवंतीवाल्याने आधी पाणी दिलं, मग रस. गाडीत बसल्यावर मी मिस्त्रींना सांगायचं वाक्य तयार करत होतो. 'वाजली, मिस्त्री, एकदम खणखणीत.' पाटसपर्यंत ते जमलं, केडगावला बिघडलं, लोणीला परत जमलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या खाटेजवळ ते तोंडातून निघेना. मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, जणू सत्तर वर्षं याचीच वाट पाहत होते. मला रडू यायला लागलं, म्हणून काहीतरी करायचं म्हणून मी त्यांना काडतुसाचा फोटो दाखवला.

"मोठा कर," ते म्हणाले.

केला. त्यांनी भिंग मागितलं. काडतुसाच्या बुडाशी पितळी टोपी होती, तिच्या बरोबर मधोमध एक खळगा.

मिस्त्री उठून बसले. नातसुनेने आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

"खोल पडलाय," ते म्हणाले. "बघ. मऊ घोडा असा घाव घालत नाही. माझा घोडा बरोबर बसलाय. काडतूसच मेलं होतं. नळी कागदी होती ना त्याची? तेव्हा कागदी असायची. ओल कुठून शिरली पण?"

मला एकदम हलगी ऐकू आली, हळद दिसली, आणि डब्यासकट घातलेला दुधातुपाचा अभिषेक.

मी सांगितल्यावर मिस्त्री इतके हसले की नातसून घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मग त्यांनी तिला सांगितलं, भूक लागलीय, काहीतरी कर. दोन घासांवर राहिलेल्या माणसाने त्या दुपारी थालीपीठ खाल्लं, वर दही मागितलं. मी त्यांच्या शेजारी बसून अर्धं खाल्लं.

मालकांना लांडगा चालला नाही. त्यांच्या इतिहासात बिबट्याच आहे आणि तो मीच पुन्हा एकदा टाइप केला. पण मिस्त्रींची ही हकिगत कुठेतरी लिहावीशी वाटली, म्हणून संध्याकाळी आबांना फोन लावला. म्हणालो, आबा, बंदूक चांगली आहे. दोष काडतुसाचा होता. पहिल्या दिवसापासून ती वाजणारी आहे, आता सगळं लिहायला परवानगी द्या.

पलीकडे आबांनी कुणाला तरी ट्रॅक्टर बंद करायला सांगितल्याचं ऐकू आलं.

"लिवा," आबा म्हणाले. आवाज पुन्हा तो दबका झाला होता. "पण म्हंजी ती खरंच वाजती?"

"हो."

"सत्तर वर्सं घरी आली की खुंटीलाच आसायची. खाली पोरं झोपायची, साहेब." मग त्यांनी सुनेला हाक मारल्याचं ऐकू आलं, "सुनंदे, ते देवातलं काडतूस हलवू नगंस." आणि परत मला म्हणाले, "ही निवडणूक सरली की ती घरी येनार. तुम्ही पेपर वाचता, शिकलेले हाय. मला एवढंच सांगा, त्याच्या पुढची निवडणूक कवा लागती?"