मंदाच्या कॉम्प्युटरला रोज 'नंतर' म्हणताना

माझी लेक मंदा जाऊन आज वर्ष झालं, आणि वर्षभर मी तिच्या कॉम्प्युटरशी खोटं बोलत आले.

रोज सकाळी तो चालू करायचे. थोड्या वेळानं पडद्यावर एक चौकोन यायचा. अपग्रेड आत्ता करू की नंतर?

मला वाचता येत नाही. पण डावीकडचं बटण म्हणजे 'नंतर', एवढं मंदानं दाखवून ठेवलं होतं.

रोज डावीकडचं.

(बोलतेय मी, टाइप करतेय मंदाची पोर ऋतुजा. चुका तिच्या.)

मंदाचं कर्जतला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. मी पोशीरहून डबा घेऊन जायचे आणि स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची तोंडं बघायचे.

एकदा खालापूरचा राइस मिलवाला सीपीयू उचलून घेऊन आला, अगदी रडकुंडीला. अपग्रेड अर्ध्यावर जातं, निळा पडदा येतो, की परत पहिल्यासारखं. तीनदा झालं.

"ताई, नवीन डिस्क टाकलीय, एसएसडी. तरी असं?"

"दादा, नवी सून आणलीत, पण सासूबी घरातच हाय ना? जुनी डिस्क. दोघींना एका वेळी समजावता येत नाय. सासूला जरा बाहेर बसवू."

आणि माझ्याकडे बघून हसली.

जुन्या डिस्कच्या वायरी काढल्या, अपग्रेड झालं, वायरी परत लावल्या. मिलवाला खूश.

तिची रीत ठरलेली होती. मला बघून बघून पाठ. आधी सगळ्याची कॉपी. मग प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरचं सगळं काढ. मग जागा मोकळी आहे का बघ. मग एसएसडीच्या कंपनीचं अपडेट टाक. आणि शेवटी जुनी डिस्क काढ.

पाच बोटं.

"आये, तू जुनी डिस्क हायस," म्हणायची. "दिवसभर कुरकुर, पण कळतं तरी जिवंत हाय. ही एसएसडी मुकी. गप काम करते आणि एक दिवस गप जाते."

स्वतःचंच सांगत होती, हे मला कळलं नाही.

जायच्या आधी चार दिवस तिच्या छातीत दुखत होतं. कुणाला बोलली नाही. दुकान उघडत राहिली.

घरच्या तिच्या कॉम्प्युटरात दोन्ही डिस्क आहेत. जुनीत मला पाठवलेले तिचे व्हॉइस मेसेज. मला वाचता येत नाही म्हणून ती बोलून पाठवायची.

"आये, निघाले. भात टाक."

"आये, गोळी घेतलीस का? खोटं नको बोलू."

सकाळी बटण दाबलं की ती डिस्क कुरकुरते. तेवढ्यासाठी मी दाबायचे.

आता ऋतुजाला आईचं दुकान पुन्हा उघडायचंय. जुन्या सिस्टिमवर तिचं काम होईना. गेल्या आठवड्यात म्हणाली, "आजी, आता नंतर नाय."

पाऊण अपग्रेड झालं. निळा पडदा. परत पहिल्यासारखं.

"आजी, आई काय करायची गं?"

मी बोटं मोजली. चार सांगितली.

पाचवं मुठीत ठेवलं.

जुनी डिस्क हलवली तर परत चालू होईलच असं नाही, हेही मंदाच सांगायची. कॉपी झाली होती, हो. पण कॉपी पेन ड्राइव्हमध्ये. ती कुरकुरत नाही.

दोन दिवस पोर झगडत होती. दुसऱ्या दिवशी जेवायलाच उठेना. "माझ्यानं नाय व्हायचं. आईची सर मला नाय यायची."

तिच्या आईनं शिकवलेलं मी मुठीत दाबून बसले होते, आणि पोर स्वतःला नावं ठेवत होती.

"एक बोट राहिलं," मी म्हटलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग, "आजी, तू लबाड हायस."

"तुझ्या आयेची आये हाय मी."

वायरी मीच काढल्या. आधी भिंतीतला प्लग, मग डिस्कच्या दोन वायरी. तेही पाठ होतं.

कॉम्प्युटर चालू केला आणि आवाजच नाही. इतकं गप घर मी फक्त एकदा ऐकलंय.

अपग्रेड एका दमात झालं. मेलं, वर्षभर हेच अडलं होतं.

वायरी परत लावल्या. बटण दाबलं. काही नाही. ऋतुजानं माझं मनगट धरलं.

मग कुरकुर.

"आये, निघाले. भात टाक."

दोघींनी ऐकलं. परत ऐकलं.

आज सकाळी कॉम्प्युटर लावला. चौकोन आलाच नाही.

वर्षभर रोज कुणीतरी विचारत होतं, आत्ता की नंतर. आता कुणी विचारत नाही. डावीकडं बोट उगाच गेलं.

मंदा, सोमवारी तुझं दुकान उघडतंय. स्टुलावर मी आहेच.

तुझ्या नावाचं पान वाढलंय. गोळी घेतली, खरंच.

भात टाकलाय गं.