प्रेमराजभाऊंनी सर्व्हरवर ठेवलेली गाणी

धुळ्याच्या बसस्थानकावर प्रेमराजभाऊंनी एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या. वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले तरी आवाज तसाच राहिला, धीमा आणि गोल. देवपुरात आमच्या खालच्या मजल्यावर ते राहतात. पत्नी गेल्याला सहा वर्षं झाली. थोरल्या भावाच्या माघारी सुंदरबाईवहिनीही त्यांच्याकडेच असतात. वहिनींचा मुलगा तेजस आणि सून भाविका सुरतला.

फाल्गुनात वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या कुजबुजल्यासारख्याच बोलतात. श्रावणातल्या रविवारी घरात बसवून सोमवारी नदीवर बोळवतात त्या कानबाई देवीची सगळी गाणी घराण्यात त्यांनाच येत. ऑपरेशनच्या आधी नऊ दुपारी भाऊंनी त्यांना समोर बसवून बेचाळीस गाणी रेकॉर्ड केली. मधे कुठं कावळा ओरडला, कुठं कुकरची शिट्टी झाली. तेही तसंच राहिलं.

यंदा कानबाई पहिल्यांदाच सुरतला, भाविकाच्या घरी बसणार होती. वहिनींना प्रवासाची परवानगी नव्हती. मागच्या वर्षी व्हॉट्सॲपवर पाठवलेली चार गाणी फोन भरला म्हणून सगळ्यांनी पुसून टाकली होती. म्हणून भाविकाने इंटरनेटवर वर्षभरासाठी जागा घेतली, तिथं एक पान तयार केलं आणि भाऊंना फोनवर सांगितलं, “आबा, एफटीपीने, त्या फायली पाठवायच्या प्रोग्रॅमने, गाणी चढवा. ‘कानबाई’ नावाचं फोल्डर करा. रविवारी सकाळी मला लागतील, नाहीतर पोरं डीजे लावतील.”

“कानबाईसमोर डीजे?” भाऊ म्हणाले आणि दिवसभर काही जेवले नाहीत.

शुक्रवारी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. जागा देणाऱ्या कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं. मी वाचत गेले, ते एका बोटाने टाइप करत गेले. सर्व्हरचा पत्ता, वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड, पोर्ट एकवीस. पहिल्यांदा जोडणी झाली नाही, कारण पत्त्याच्या चौकटीत त्यांनी अख्ख्या वेबसाइटचं नाव टाकलं होतं, पुढच्या दोन तिरप्या रेघांसकट. ते खोडलं. दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्याचे दोन भाग भरले. डावीकडे भाऊंचा कॉम्प्युटर, उजवीकडे ती दूरची जागा.

“अक्का, हे उजवीकडचं कुठं आहे हो?”

“माहीत नाही. कुठल्या तरी देशात असेल.”

ते पडद्याकडे बघत राहिले. खिडकीतून श्रावणातलं ऊन यायचं, जायचं. उजवीकडे थोडी फोल्डरं होती. एकाच्या नावात ‘पब्लिक’ होतं.

“म्हणजे?”

“सार्वजनिक. सगळ्यांसाठी.”

भाऊंनी माउसवरचा हात काढून घेतला. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात आणि तो रोट भाऊबंदांखेरीज कुणाच्या तोंडी पडत नाही. उरला तरी बाहेर देत नाहीत. भाऊंनी पब्लिकच्या बाहेर, शेजारी, वेगळं फोल्डर केलं आणि त्याला ‘कानबाई’ नाव दिलं. मला ते बरोबरच वाटलं. घरचं घरात.

मग गाणी निघाली. एकेका गाण्याखाली हिरवी रेघ गोगलगायीसारखी सरकायची. वहिनी खाटेवर आडव्या होत्या, डोळे मिटलेले.

“कठे गयात गाणा?” त्यांनी विचारलं.

“कोंडाईबारीना घाटमा, वहिनी.”

“धुकं व्हई तठे,” त्या म्हणाल्या आणि झोपल्या. गाण्यांना सुरतेच्या वाटेवरचा तो घाट चढायला वेळ लागणारच, असं मलाही त्या दुपारी खरंच वाटलं. कॉम्प्युटरचा पंखा घुमत होता आणि खोली कुठं तरी हळूहळू चालली होती. पावणेसहाला बेचाळिसावं गाणं पोचलं.

शनिवारी सकाळी मी खाली असतानाच भाविकाचा फोन आला. “आबा, पान उघडतं, मी लिहिलेली गाण्यांची नावं दिसतात, पण एकही वाजत नाही.”

“माझ्याकडे तर उजवीकडे सगळी दिसतात.”

“कुठल्या फोल्डरात टाकली?”

भाऊंनी सांगितलं. पलीकडे ती इतकी हसली की मला उभ्या जागी ऐकू आलं. “अहो आबा, देवीला आत कोंडून कुलूप लावलंत! पब्लिकच्या आत हवं ते. लोकांना तेवढंच दिसतं. मी इथून हलवू का? मिनिटभराचं काम.”

“हात लावू नको.” गाडी पुकारताना लागायचा तो आवाज. “रोट कुणी चव्हाट्यावर मांडतं का?”

“मग उद्या मी काय करू, आबा? मला एकही गाणं पुरतं येत नाही.”

भाऊंनी फोन खाली ठेवला, बंद केला नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. गाणी द्यावीत तर घरची ठेव जगासमोर पडणार, आणि न द्यावीत तर कानबाई मुक्यानेच बसणार. ते वहिनींच्या खाटेशी गेले आणि सगळं सांगितलं. पब्लिक म्हणजे काय, तेही.

वहिनी उठून बसल्या. पदर नीट केला.

“भाऊ, सोमवारे कानबाई नदीवर लई जातस, तवय बाया रस्तामा गातीस ना?”

“गातीस.”

“मंग गाणा काय पदरखाले झाकीसन लई जातस का?”

भाऊंची नजर पडद्यावरच्या ‘कानबाई’कडे गेली.

“रोट घरना शे. गाणं घरनं नही. माले सासूनी नही शिकाडं. गल्लीमधली जिजीनी शिकाडं, ती ना आपली जातनी ना भाऊबंदकीनी.” एवढं बोलून त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. पेला परत देताना त्या दिराकडे बघून म्हणाल्या, “एकतीस साल लोकेस्ना कानमा वरडना, आते माले लाज शिकाडस!”

भाऊ पहिल्यांदा हसले. खुर्चीत बसले, ‘कानबाई’ धरलं आणि पब्लिकच्या आत नेऊन सोडलं. काल साडेतीन तास लागले होते. आज पापणी लवायच्या आत झालं.

“बघ आता,” ते फोन स्पीकरवर टाकून म्हणाले.

थोडा वेळ नुसती खरखर. मग सुरतेहून, भाविकाच्या खोलीतून, वहिनींचा जुना आवाज आला. वहिनींनी हात कानाशी नेला, पण फोन घेतला नाही. त्या ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाजाच्या किंचित मागे, जणू पाण्यातली सावली.

दुसऱ्या ओळीला आणखी एक आवाज मिसळला. कोवळा, जरा चुकत, पण ठेक्यात.

“भाविका का?” वहिनींनी विचारलं.

भाऊंनी फोनवर विचारलं. भाविका म्हणाली, “नाही आबा, शेजारच्या आहेत. शिरपूरकडच्या. आवाज ऐकून दारात आल्या.”

वहिनींनी डोळे मिटले. “तिले सांग,” त्या कुजबुजल्या, “दुसरी ओळ दोनदा म्हनतस.”