रंजनाने सोडलेलं भरीत

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, मित्रांजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही परके आहात, म्हणून कदाचित जमेल. बघू.

गोष्ट माझ्या पोटाची आहे. हसू नका. माझं पोट ठणठणीत आहे — लहानपणापासून आहे. आणि तरीही धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंत आमच्या साऱ्या गोतावळ्यात मी पोटाचा रोगी म्हणून प्रसिद्ध आहे. लग्नाच्या पंगतीत मला तिखट वाढायचं नाही, हे वाढप्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघून चुकचुकतात. मी मान खाली घालून फिकं वरण ओरपतो. असं गेली कितीतरी वर्षं चाललंय.

पण पोटावर येण्याआधी रंजनाबद्दल सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढंसं तर खोटं, त्याचं काय एवढं?

पंच्याऐंशीच्या आसपास आमचं लग्न झालं. ती पिंपळनेरची, मी धुळ्याजवळच्या खेड्यातला; नोकरी जळगावला, एका सरकारी कचेरीत. आमच्यासाठी जळगाव म्हणजे मोठं शहर. भाड्याच्या दोन खोल्या, रॉकेलचा स्टोव्ह, मागे घरमालकिणीचं अंगण. रंजना बाजारातून असोद्याची वांगी आणायची — हिरवी, पांढुरकी, हातात न मावणारी. ती स्टोव्हवर भाजणं तिला पटेना. कुठून तरी तुरीच्या काड्या मिळवून तिने अंगणात जाळ केला, आणि घरमालकीण धुराने खोकत बाहेर आली. पुढच्या तासाभरात तीच घरमालकीण ओट्यावर बसून भरीत-भाकर खात होती. रंजनाचं असं होतं. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात — आणि ती स्वतः एवढं तिखट खायची की डोळ्यांतून पाणी यायचं, नाक पुसत पुसत हसायची, आणि पुन्हा घास घ्यायची. मला ती फार आवडायची. हेही सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

कचेरीत आमचा एक गट होता. पगार झाला की स्टेशनकडच्या एका हॉटेलात शेवभाजी खायला जायचो. लग्न झाल्यावर मंडळी मागे लागली — एकदा सगळे जोडीने जाऊ, नव्या नवरीला घेऊन ये. मी हो म्हणालो. घरी सांगितलं, तर रंजना हातातलं काम टाकून समोर येऊन बसली. तिने आयुष्यात हॉटेलात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"हाटेलमा काय काय मिळस?" तिने विचारलं. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. मग रोज काहीतरी नवीन शंका. तिथे भांडी कोण घासतं? नको असलेलं परत देता येतं का?

त्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कच्या घरी हळदीकुंकू होतं. रंजना गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, शिरा कसा झालाय? तर ही मनापासून म्हणाली, "गैरं चांगलं शे. बठ्ठं खाई टाकं मी." म्हणजे फार छान झालाय, सगळा खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हे वाक्य माझ्याआधी पोचलं होतं. कुणी चहा घेताना म्हणतंय — गैरं चांगलं शे. कुणी फाईल ठेवताना म्हणतंय — बठ्ठं करी टाकं. फार दुष्टपणा नव्हता त्यात, थट्टाच होती. आणि मी? मीही हसलो. नुसता हसलो नाही — तिच्या आवाजात ते वाक्य एकदा म्हणूनही दाखवलं. ज्या बोलीत माझी आई मला अजून हाक मारते, त्याच बोलीत. धुळ्याला कॉलेजात असताना मी ती जिभेवरून खरवडून काढली होती, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता.

जोडीने जायचा दिवस आला. मी घरी पोचलो तर रंजना तयार होती. लग्नातली जांभळी साडी, केसात अबोली. आणि माझ्या डोळ्यांपुढे हॉटेलातलं ते लांब टेबल आलं — तिने तोंड उघडताच एकमेकांकडे बघणाऱ्या त्या बायका, आणि त्यांच्यात मी, तिचा नवरा. मी खाटेवर बसलो आणि पोट धरलं.

एवढंच. पोट धरलं.

"पोट दुखस का तुम्हनं?" म्हणत ती जवळ आली. जांभळी साडी खोचून तिने हिंग पाण्यात कालवला, माझ्या बेंबीभोवती लावला, आणि उशाशी बसून राहिली. हॉटेलचं तिने नावसुद्धा काढलं नाही. मला सारखं वाटत होतं, हिने एकदा तरी कुरकुर करावी. तिने केली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितलं — बायको बाहेरचं खात नाही, घरचं वळणच तसं आहे. घरी सांगितलं — डॉक्टरने तिखट आणि बाहेरचं बंद केलंय. दोन्ही दारं मीच लावली आणि मध्ये अडकलो. पगाराच्या दिवशी काम जास्त आहे म्हणून घरी सांगायचं, मित्रांबरोबर शेवभाजी हाणायची, बडीशेप चावत घरी यायचं, आणि रंजनाने केलेली मऊ खिचडी पुन्हा पोटभर खायची. हो, पोटभर. कमी खाल्लं तर तिचा चेहरा उतरायचा.

तिने स्वतःसाठी वेगळं तिखट करावं की नाही? मी म्हटलंसुद्धा. तर म्हणाली, "तुम्हले चालस नई ते माले कसाले जोयजे?" आणि माझ्याबरोबर तीही फिकं खाऊ लागली.

इथवर असतं तरी निभावलं असतं, असं मी कितीदा मनाला सांगितलंय. पण मग श्रावणात आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिच्याकडे कानबाई बसली होती. कानबाई आमची खानदेशची देवी. तिला घरी बसवतात, आणि रोटाच्या, म्हणजे तिच्या प्रसादाच्या, जेवणाला सगळी भाऊबंदकी गोळा होते. तिथे सगळ्यांच्या देखत रंजनाने देवीपुढे पदर पसरला — यांचं पोट बरं होईपर्यंत मी भरीत खाणार नाही, बरं झालं की आमच्या घरी कानबाई बसवीन. तिचे वडील, आबा, माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हातारा रडत होता. मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं.

तुम्ही म्हणाल, मग बरं झालं म्हणून सांगून मोकळं व्हायचं. तेही केलं. दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी म्हणालो, आता काही दुखत नाही बरं का. रंजना अशी उजळली — मला वाटलं, सुटलो. पण ती लगेच कानबाईच्या तयारीला लागली. कुणाकुणाला बोलवायचं, रोटाचे गहू कुठून आणायचे. आणि आम्ही दोघांनी पाटावर बसून, देवीपुढे हात जोडून म्हणायचं — नवस पावला. बायकोशी खोटं बोलताना मी घाबरलो नव्हतो. देवीशी बोलायच्या कल्पनेने घाबरलो. चार दिवसांनी मी पुन्हा पोट धरलं.

पहिल्या वेळी शरम होती, घाईत झालं. ही दुसरी वेळ मी ठरवून केली. माझा खरा गुन्हा हाच.

पुढे धुळ्याला बदली झाली. मुलगी झाली, मोठी होऊ लागली. मध्यंतरी रंजनाचा भाऊ आला आणि ऐकेचना. सगळ्यांना जीपमध्ये घालून हायवेवरच्या एका हॉटेलात घेऊन गेला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी रंजना पहिल्यांदा हॉटेलात बसली. तिच्या भावाने गावाकडच्या मोठ्या आवाजात शेवभाजी आणि भरीत मागवलं — "भरीत ताजं शे ना रे भो?" वेटर म्हणाला, "आत्तेच करेल शे, दादा." शेजारच्या टेबलावरच्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग रंजना बोलली. स्वच्छ, शहरी मराठीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "यांना तिखट चालत नाही. साधं वरण मिळेल का? दोन वाट्या." ती अशी बोलायला कधी शिकली? कुणाचं ऐकून शिकली? मी तिला एकदाही टोकलं नव्हतं, हे खरं आहे. पण जी माणसं टोकत नाहीत, नुसता चेहरा करतात, त्यांतला मी.

भरिताची थाळी आली तेव्हा तिने ती भावाकडे सरकवली आणि वरणात भाकर चुरली.

यात भर घालण्यासारखं काही नाही. मी तरुण होतो, दिवस तसे होते, मित्र तसे होते — असं काही म्हणणार नाही. त्या टेबलावर माझी बायको शोभली नसती असं मला वाटलं, एवढंच ते होतं. 

सध्या थंडी आहे, बाजारात वांगी आलीत. आज सकाळी रंजनाने मागच्या अंगणात काड्यांवर वांगी भाजली. मुलीला भरीत आवडतं, शेजाऱ्यांनाही लागतं. साली काढून तिने ते ठेचलं, वरून मिरची-लसणाची फोडणी घातली. तिला चाखता येत नाही, म्हणून दरवेळी दुसऱ्या कुणाला तरी चव बघायला बोलवते. तिने मुलीला हाक मारली, "मीठ बघ गं जरा." मुलीने बोट चाटून सांगितलं, थोडं कमी आहे. रंजनाने अंदाजाने चिमूटभर टाकलं, आणि तेवढं पुरलं का ते कळेना म्हणून मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली.

मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. मला तिने विचारलं नाही. मला तिखट चालत नाही ना.