देवीने खाली बघायचं नसतं

माझी बायजाआत्या मुंबईत मूकपटांत देवी व्हायची. बोलपट आले आणि कंपनीने तिला काढून टाकलं. ती आमच्या गावी, दिघीला परतली आणि फळ्यांवर माणसांचे चेहरे रंगवत बसली. पण आमच्या लोकांनी तंबूत तिचा सिनेमा पाहिला होता. ते तिच्या दारात नारळ ठेवायचे. "मेल्यांनो, मी नटी आहे, नटी!" ती ओरडायची. ऐकतंय कोण?

एका श्रावणात गावातली ठमी तापाने फणफणलेली लेक घेऊन आली. "पलीकडे डॉक्टर आहे, होडीने जा," आत्या म्हणाली. पण खाडी खवळली होती, होडी बंद होती. ठमीने पोर आत्याच्या पायांवर घातली. शेवटी आत्याने सिनेमातल्यासारखा हात उचलला, नजर दूर लावून. देवीने खाली बघायचं नाही, असं कंपनीत शिकवलं होतं.

पोर त्याच दिवशी गेली.

आठवड्याने ठमी पुन्हा आली. भांडायला नव्हे. "आये, माझ्या चंद्रीचा चेहरा काढून दे. तू तिला येवड्या जवळून बगितलंस."

आत्याने कुंचला रंगात बुडवला. संध्याकाळ झाली तरी फळी कोरीच होती. तिने पोरीकडे पाहिलंच नव्हतं.